सही एकाची, फेड दुसऱ्याची

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट उघडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. कुलूप नव्हतंच, पण हात लावायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. शेवटी एका रविवारी आईच म्हणाली, "अगं, त्यात काय सोनंनाणं नाही, कागदच आहेत. बघून टाक एकदा." खरंच कागदच होते. विम्याच्या पावत्या, केव्हाच भंगारात गेलेल्या स्कूटरचं आरसी बुक, आम्हा दोघांच्या प्रगतिपुस्तकांचा रबरबँड सुटलेला गठ्ठा. सगळ्यांत खाली एक निळी प्लॅस्टिकची फाइल, वर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात 'मुलांचे वैद्यकीय'. मला वाटलं, लसीकरणाची कार्डं असतील.

आत दोनच कागद निघाले. पहिला १९९४ चा, दादाच्या बॉण्डची झेरॉक्स. दुसरा २००३ चा, बँकेचं चलन, माझ्या नावाचं. एमबीबीएसनंतर करायची सरकारी सेवा मी केली नाही, त्याबद्दल भरलेल्या दंडाचं. दोन्ही कागदांवर बाबांची सही. दोन्ही एकाच टाचणीत अडकवलेले. टाचणी गंजून तिचा तपकिरी डाग एका कागदातून दुसऱ्यात उतरला होता.

आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना हे ठाऊक नसतं की एकानं डॉक्टर होण्याची किंमत वर्षांत फेडली आणि दुसरीनं पैशांत. तीही वडिलांच्या.

दादाला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेव्हा कॉलेजची स्वतःची प्रवेशपरीक्षा असे. आता नीटच्या गुणांवर चाळण लागते, मग इंग्रजी आणि तर्कशक्तीची एक चाचणी, मुलाखत, शारीरिक तपासणी, आणि दरवर्षी साधारण दीडशे मुलामुलींची तुकडी आत जाते. शिकवणं, राहणं, जेवण, कपडे, सगळं सरकारचं. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून जायचं. कुणाला कायमचं कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, मिळतं, कुणाला ठरावीक वर्षांचं. नाही गेलात तर बॉण्डची रक्कम भरायची. अलीकडे हा आकडा ६० लाखांच्या पुढे गेला आहे. त्या वेळचा आकडा झेरॉक्सवर आहे, पण घडीवर आल्यामुळे त्यातली मधली दोन शून्यं उडाली आहेत.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मला अजून स्वच्छ दिसते. दादाची सहीच ठरलेली नव्हती! सतरा वर्षांच्या मुलाला सही कुठे लागते? दहावीच्या हॉल तिकिटावर त्यानं सरळ नाव लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "हा सरकारी कागद आहे, जन्मभर हीच सही चालेल अशी कर." मग दादा वर्तमानपत्राच्या समासात सह्या गिरवत बसला. एक कलती, एक गोल, एकीच्या खाली दोन रेघा आणि टिंब. मी शेजारी बसून गुण देत होते. दोन रेघावाली मला फार आवडली. बाबांनी ती नापास केली, "हे सिनेमातल्यासारखं नको." शेवटी जी निवडली ती अगदी साधी, आडनावाचं शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. तीच त्यानं स्टॅम्पपेपरवर केली. तो अठरा पूर्ण नसल्यामुळे खाली बाबांनी केली.

आज त्या झेरॉक्सकडे बघताना वाटतं, त्या मुलानं आधी सही शोधली आणि मग तिच्या जोरावर पुढची कित्येक वर्षं लिहून दिली. ती वर्षं जगणारा माणूस अजून तयारच झाला नव्हता.

या विचारानं मला कामाला लावलं. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, बाह्यरुग्ण विभाग आटोपला की उरलेल्या वेळात वाचते. पण एकदा नजर तिकडे वळल्यावर दिसायला लागलं की डॉक्टरकी आणि पलटण यांचा हा सौदा फार जुना आहे, आणि त्यात बापाची सही तर ठरलेलीच.

जर्मन कवी शिलरचं बघा. वुर्टेम्बर्गचा ड्यूक कार्ल ऑयगन यानं एक लष्करी विद्यालय काढलं होतं आणि राज्यातली हुशार पोरं त्याला तिथे हवी होती. शिलरला धर्मशास्त्र शिकायचं होतं. ड्यूकनं तेराव्या वर्षी त्याला विद्यालयात ओढलं. १७७४ साली त्याच्या आईवडिलांकडून लिहून घेतलं की मुलगा ड्यूकच्या सेवेलाच वाहिलेला राहील. गंमत अशी की वडील स्वतः सैन्यात जखमा बांधणारे शल्यक म्हणून वर आलेले. आधी कायदा, मग वैद्यक, असं करत १७८० च्या अखेरीस शिलर स्टुटगार्टमध्ये रेजिमेंटचा डॉक्टर झाला. पगार तुटपुंजा, खाजगी रुग्ण बघायला बंदी, साधे कपडे घालायलाही बंदी. त्याचं पहिलं नाटक १७८२ च्या जानेवारीत मानहाइमला रंगमंचावर आलं, ते बघायला तो विनापरवाना सटकला. पुन्हा गेला तेव्हा पकडला गेला. चौदा दिवस कोठडी, आणि ड्यूकचा हुकूम की यापुढे वैद्यकाखेरीज काही लिहायचं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात, शहर पाहुण्यांच्या स्वागताच्या रोषणाईत गुंतलेलं असताना, आंद्रेआस श्ट्रायखर नावाच्या वादक मित्राबरोबर तो वेशीबाहेर पडला. वेशीवर नाव सांगितलं डॉक्टर रिटर. कागदोपत्री फरारी.

बॉण्ड मोडणाऱ्यांना आपण बिनदिक्कत कृतघ्न म्हणतो. मीही म्हणायचे. शिलरला म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच का, की तो पळून गेला आणि मी चलन भरलं?

शिलरच्या अगदी उलट हेल्महोल्ट्झ. पॉट्सडॅममधल्या शिक्षकाचा मुलगा, भौतिकशास्त्राचं वेड. बापाकडे पैसे नव्हते. बर्लिनला लष्कराची वैद्यकीय संस्था होती, तिथे शिक्षण फुकट आणि त्यानंतर प्रशियाच्या सैन्यात डॉक्टरकी. १८३८ साली तो तिथे दाखल झाला. १८४३ मध्ये त्याला पॉट्सडॅमलाच, म्हणजे घराजवळच, रेजिमेंटमध्ये नेमणूक मिळाली. शांततेच्या काळातला रेजिमेंटचा डॉक्टर. सकाळी घोड्यावरून पडलेले, पोट बिघडलेले, कवायत टाळायला खोकणारे, आणि मग उरलेला दिवस मोकळा. त्यानं बराकीतच छोटी प्रयोगशाळा मांडली. २३ जुलै १८४७ ला बर्लिनच्या फिजिकल सोसायटीपुढे त्यानं ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध वाचला तेव्हा तो पलटणीचाच डॉक्टर होता, पंचविशीतला. पुढच्या वर्षी नामवंत शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्टनं शब्द टाकला आणि उरलेली सेवा माफ झाली. दोनेक वर्षांत त्यानं डोळ्याच्या आत बघायचं उपकरण बनवलं, ज्याची पुढची रूपं आम्ही आजही रोज हातात धरतो. सरकारनं त्याला डॉक्टर बनवलं, त्याला व्हायचं होतं भौतिकशास्त्रज्ञ, आणि बॉण्डनं दोन्ही पोसलं. असं क्वचितच होतं. पण ज्यांचं असं झालं त्यांचीच चरित्रं लिहिली जातात, हे विसरून चालत नाही.

दादाच्या पहिल्या काही वर्षांत घरी येणाऱ्या पत्रांत मला हाच मोकळा दिवस दिसायचा. रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणजे काय, असं शेजारच्या काकूंनी विचारलं की आई सांगायची, "मोठा हुद्दा आहे, कॅप्टन आहे तो." दादा सांगायचा ते वेगळंच. सकाळी एमआय रूम, म्हणजे आठशे जवानांचा एक दवाखाना. सिक रिपोर्टवाल्यांची रांग. त्यातल्या कुणाला खरंच बरं नाही, कुणाला लाइट ड्यूटी हवी आहे, कुणाला नुसतं बोलायचं आहे कारण गावाकडून पत्र आलंय, हे चेहऱ्यावरून ओळखायचं. ते झालं की लंगरच्या पाण्यात क्लोरीन किती ते तपासायचं, संडासांची पाहणी, स्वयंपाक्यांची नखं. वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी करून शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, की नाही ते लिहायचं. तो शेरा घसरला की शिपायाची बढती अडू शकते, म्हणून ज्याचा गुडघा गेलाय तो दुखत नाही म्हणतो आणि ज्याचा धड आहे तो दुखतोय म्हणतो. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "शस्त्रक्रियेची पुस्तकं पेटीत आहेत. इथे मी मुख्यतः संडास आणि नखं बघतो. पण एक सांगू? माझ्या इथे एकालाही कावीळ झालेली नाही." हे शेवटचं वाक्य बाबा पाहुण्यांना वाचून दाखवायचे. पाहुण्यांना त्यात काय कौतुक, ते कळायचं नाही.

मग त्याची बदली उंचावर झाली. कुठे ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही आणि मी आता लिहिणार नाही. तिथली एक रात्र मात्र त्यानं सांगितली आहे, तीही कित्येक वर्षांनी, लग्नात, मांडवामागे खुर्च्या टाकून बसलो होतो तेव्हा.

मैदानी मुलखातून चढून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई. संध्याकाळी नुसता खोकत होता. रात्री अकराला ओठ निळे, छातीत पाण्याचा बुडबुडाट स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येईल इतका. हापो. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला सैन्यात सगळे हेच म्हणतात. उपाय एकच, खाली उतरवणं. हेलिकॉप्टर उजाडेपर्यंत येणार नाही. रस्ता बर्फाखाली. ऑक्सिजन होता, पण तो सकाळपर्यंत पुरणार नव्हता. उरली हापोची पिशवी. माणूस आत झोपवायचा, चेन लावायची आणि पायपंपानं हवा भरत राहायची, म्हणजे आतला दाब वाढतो आणि पिशवीतला माणूस, जागचा न हलता, काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो. पण पंप थांबवायचा नाही. थांबला की आतली हवा कोंदते. पिशवीला डोक्याशी एक पारदर्शक खिडकी असते. दादा, त्याचा नर्सिंग असिस्टंट आणि एक स्वयंपाकी, तिघांनी आळीपाळीनं पहाटेपर्यंत पंप मारला. "तो स्वयंपाकी," दादा म्हणाला, "दर खेपेला खिडकीपाशी तोंड नेऊन आतल्याला ओरडून सांगायचा, अजून दोनशे फूट उतरलास बघ."

सकाळी तो शिपाई गेला, म्हणजे हेलिकॉप्टरनं गेला, जिवंत. वाक्य असं मोडून सांगायची दादाला सवय आहे, ऐकणाऱ्याचा ठोका चुकावा म्हणून.

त्या पिशवीमागे दुसऱ्या कुणाकुणाचे बॉण्ड आहेत हे मला नंतर कळलं. एएफएमसी ही संस्था १९४८ ची, पण तिथे एमबीबीएसची शाखा सुरू झाली ४ ऑगस्ट १९६२ ला. अडीच महिन्यांनी चीनशी युद्ध पेटलं, आणि मैदानातली माणसं सवयीला वेळ न देता हिमालयावर चढवली गेली. त्यानंतरच्या वर्षांत इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा आजारी पडलेल्या जवानांच्या नोंदी ठेवल्या. १९६९ मध्ये त्यांचा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, १९२५ जवानांवरचा. उंचीच्या आजारांवर लिहिणारे आजही तो उद्धृत करतात. एवढे निरोगी तरुण एकदम एवढ्या उंचीवर नेऊन ठेवायचे आणि शेजारी डॉक्टर बसवायचा, हे सैन्याखेरीज कोण करणार? आजार त्यांनीच दिला आणि औषधही. मला या वाक्याचा त्रास होतो, पण ते खोडावंसं वाटत नाही.

सैन्याला डॉक्टर लागतो हे कुणीही मान्य करेल. तो मिळवायचा कसा, हे प्रत्येक देशानं आपापल्या पद्धतीनं ठरवलं आहे. काही ठिकाणी हिशेब सोपा असतो. अमेरिकेत सैन्याचं स्वतःचं वैद्यकीय विद्यापीठ बेथेस्डाला आहे, १९७२ च्या कायद्यानं झालेलं. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून गणवेशातला अधिकारी, त्याला पगार मिळतो, आणि डॉक्टर झाल्यावर सात वर्षं द्यायची. जर्मनीत सैन्यामार्फत वैद्यक शिकायचं तर शिक्षण धरून सतरा वर्षांचा करार. सिंगापूरमध्ये तर सगळ्याच तरुणांना दोन वर्षं सक्तीची, तिथे डॉक्टर होणाऱ्या मुलाची सेवा मध्येच तोडतात, त्याला शिकू देतात आणि डॉक्टर झाल्यावर उरलेली फेडायला परत बोलावतात.

पण मला सगळ्यांत जास्त गुंतवलं ते दक्षिण कोरियानं. तिथे साधा शिपाई अठरा महिन्यांत सुटतो. डॉक्टर झाल्यावर जायचं तर सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून किंवा दुर्गम भागात सार्वजनिक आरोग्य डॉक्टर म्हणून छत्तीस महिने, आणि सुरुवातीचं प्रशिक्षण त्यात धरत नाहीत. म्हणजे जो जास्त शिकला त्याची शिक्षा दुप्पट! साहजिकच अलीकडे तिथली मुलं वैद्यक शिकता शिकताच रजा टाकून साधे शिपाई म्हणून भरती होऊ लागली आहेत. अठरा महिने बंदूक धरायची आणि परत वर्गात येऊन बसायचं. त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. बेटांवरचे, डोंगरातले दवाखाने मात्र त्या छत्तीस महिन्यांवर उभे आहेत. आणि २०२४ मध्ये तिथल्या निवासी डॉक्टरांनी काम सोडलं तेव्हा सरकारनं मोठ्या रुग्णालयांत कुणाला धाडलं? ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांना. सैन्यातले डॉक्टर आणि हेच सार्वजनिक आरोग्यवाले. म्हणजे खेड्यातला डॉक्टर उचलून शहरात.

इथे बॉण्डची खरी मेख आहे. कागदावर वर्षं मोजलेली असतात. त्या वर्षांत काय करायला लावतील ते मोजलेलं नसतं.

हे सगळ्यांत कडवटपणे कळलं असेल हॉवर्ड लेव्हीला. अमेरिकेत १९५० पासून डॉक्टरांना सैन्यात वेगळं खेचत. मग बेरी योजना नावाची सोय निघाली. तरुण डॉक्टरानं आधीच नाव घालून ठेवायचं, मग त्याला विशेष शिक्षण पुरं करू देत आणि नंतर दोन वर्षं बोलावत. न्यूयॉर्कच्या या त्वचारोगतज्ज्ञानं नाव घातलं तेव्हा व्हिएतनाम हे नकाशावरचं एक टोक होतं. १९६५ मध्ये त्याला बोलावलं तोवर तिथे युद्धाचा वणवा झाला होता. साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सन इथे त्याला काम दिलं की स्पेशल फोर्सेसच्या शिपायांना त्वचारोगांचे प्राथमिक उपचार शिकव. तो म्हणाला, शिकवणार नाही. ही माणसं आधी लढणारी आहेत आणि औषध त्यांच्या हातात गावकरी वळवायचं हत्यार होणार आहे. १९६७ मध्ये कोर्ट मार्शल, तीन वर्षांची सजा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या विरोधातच लागला. खरूज, नायटा यांचे उपचार शिकवायला नकार दिला म्हणून तुरुंग! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लेव्ही हटवादी वाटला. दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी शिकवलं असतं. पण त्याला तुरुंगात घातलं नसतं."

आणि त्याच युद्धाच्या त्याच काळात त्याच वयाचे काही डॉक्टर दुसऱ्या दारानं निसटले. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत दोन वर्षं केली तर ती लष्करी सेवेत धरत, आणि त्यातल्या मोजक्या जागा राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळांत होत्या. त्यांच्यावर उड्या पडायच्या. कमांडोंच्या हिरव्या टोपीवरून लोक या मंडळींना पिवळी टोपीवाले म्हणून हिणवत. पिवळा म्हणजे भित्रा. या भित्र्यांच्या यादीत पुढे कोण निघाले पाहा. मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टाइन, हॅरोल्ड व्हार्मस, स्टॅन्ली प्रुसिनर, रॉबर्ट लेफ्कोविट्झ. सगळे नोबेलवाले. लेफ्कोविट्झला तर लहानपणापासून फक्त रुग्ण बघणारा डॉक्टर व्हायचं होतं, संशोधनाची आवड नव्हतीच. सक्तीची दोन वर्षं टाळता येत नव्हती म्हणून तो १९६८ मध्ये प्रयोगशाळेत गेला. त्या सक्तीनं आज जगभरच्या कितीतरी औषधांना ज्याचा आधार आहे ते पेशींवरच्या रिसेप्टर्सचं, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणाऱ्या रेणूंचं, विज्ञान दिलं.

मग सक्ती चांगली की वाईट? मला हा प्रश्नच आता नकोसा झाला आहे. लेव्ही आणि लेफ्कोविट्झ दोघांनाही एकाच कायद्यानं ओढलं. एकाला कोठडी मिळाली, दुसऱ्याला स्टॉकहोम. मध्ये फक्त जागा कुठली मिळाली एवढाच फरक.

आमच्याकडचं उदाहरण म्हणजे रोनाल्ड रॉस. त्याला लेखक व्हायचं होतं, सेनाधिकारी वडिलांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी वैद्यकीय सेवेत घातलं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढचे प्रयोग करायला बसतो न बसतो तोच बदलीचा हुकूम. राजपुतान्यात, खेरवाड्याला, जिथे त्याला हवा तसा हिवतापच नव्हता. दादाला ही गोष्ट सांगितली की तो खूश होतो. त्याच्या मते सगळ्या लष्करी डॉक्टरांचा खरा कुलपुरुष हाच. नोबेल मिळालं म्हणून नव्हे, ऐन वेळी बदली झाली म्हणून.

आता माझं चलन.

मी शिकले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. फी नावापुरती. त्या बदल्यात एक वर्ष सरकार सांगेल तिथे सेवा. एक वर्ष! सैन्य नाही, बर्फ नाही, गोळी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं एक वर्ष. मी त्या वेळी पदव्युत्तर परीक्षेच्या अभ्यासात होते आणि वर्गातले बहुतेकजण दंड भरून मोकळे होत होते. "एक वर्ष गेलं की रँक गेली," असं आम्ही एकमेकांना सांगायचो, इतक्यांदा की ते खरंच वाटू लागलं. बाबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "किती भरायचे?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन भरून आले. चलनाची प्रत माझ्या टेबलावर ठेवतील असं मला वाटलं होतं. ठेवली नाही. ती कुठे गेली, हे मला वीस वर्षांनी कळलं.

त्याच महिन्यात दादा उंचावरून खाली आला होता. घरी आला तेव्हा गाल फाटलेले, बोटांची टोकं काळपट. मला वाटलं, हा आता मला काहीतरी सुनावणार. त्यानं विचारलं, "रँक आली का?" आली होती. त्याला खरंच आनंद झाला. मला तो आनंद सहन झाला नाही.

मी ज्या आरोग्य केंद्रात गेले असते तिथे त्या वर्षी कोण डॉक्टर होतं, होतं की नव्हतं, हे मी कधीच शोधलं नाही. शोधता आलं असतं. एका फोनवर कळलं असतं.

दादाच्या बॉण्डची वर्षं केव्हाच संपली. नेमकी कधी, हे त्याला सांगता येत नाही. मी एकदा हिशेब करून तारीख काढून दाखवली, तर म्हणाला, "त्या आठवड्यात युनिटमध्ये गालगुंडाची साथ होती बहुतेक." त्याच्या तुकडीतले काही तारखेची वाट बघत होते, कॅलेंडरवर खुणा करत. ते बाहेर पडले, मोठमोठी रुग्णालयं चालवतात. काही आत राहून फार वर गेले. त्याच कॉलेजातून शिकलेल्या पुनिता अरोरा २००४ मध्ये देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. तिथल्याच माधुरी कानिटकर त्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन २०२१ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, म्हणजे बॉण्ड पाळणाऱ्या आणि चुकवणाऱ्या, दोन्ही पोरांच्या पदवीवर सही करणाऱ्या. दादा या दोन्हींतला नाही. तो नुसताच राहिला. का राहिलास, विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर देतो. कधी पेन्शन, कधी मुलांच्या शाळा, कधी सवय. हापोच्या पिशवीचं नाव त्यात कधी येत नाही.

एकदाच मी त्याला थेट विचारलं होतं की सतराव्या वर्षी केलेली ती सही तुला आता आपली वाटते का. तो म्हणाला, "सही आपलीच वाटते, बँकेत रोज तीच करतो. मुलगा ओळखीचा वाटत नाही."

त्या रविवारी मी दोन्ही कागदांचे फोटो काढून दादाला पाठवले. आमच्या घरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, कुणी ती बोललं नाही तरी. दादाच्या कागदावर बाबांनी अभिमानानं सही केली आणि माझ्या कागदावर मान खाली घालून. मी या समजुतीसकट वीस वर्षं वावरले आहे. दादाचं उत्तर रात्री उशिरा आलं.

"सह्या नीट बघ. माझ्या कागदावर बाबांचा हात कापलाय. तुझ्यावर नाही."

मी उठून दिवा लावला. निळी फाइल काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसून बघितले. एक झेरॉक्स, त्यामुळे रेघ तशीही तुटकच. दुसरी चलनाची कार्बन प्रत, तिच्यावर मूळचा दाब कितीसा उतरणार? मला तरी दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तसं मी त्याला लिहिलं.

"झूम करून बघ," त्याचं उत्तर आलं.